मुलींच्या उशीखालची पुस्तकं

धुळे-जळगावकडच्या आयांशी बोलणं निघालं की हल्ली एक प्रश्न हटकून येतो. मुलगी अकरावी-बारावीत आहे. अभ्यास करते, नमाज-रोजाची पाबंद आहे, घरकामात हात लावते. पण रात्र झाली की मोबाइलवर नाहीतर मैत्रिणीकडून आणलेल्या पुस्तकात डोकं घालून बसते आणि वाचता वाचता रडते. काय झालं म्हणून विचारावं तर म्हणते, "गोष्टीतल्या मुलीला कॅन्सर आहे." आई घाबरते. तिला दोन भीती एकदम वाटतात. एक, पुस्तकात प्रेमप्रकरण आहे. दुसरी, एवढ्या कोवळ्या वयात हिच्या मनात मरणाचे विचार कशाला?

आईची काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून या महिन्यात आम्ही याच पुस्तकांविषयी बोलायचं ठरवलं आहे. ती पुस्तकं काय आहेत, मुलांना त्यांत काय सापडतं, कुठे सावध राहावं, आणि मुख्य म्हणजे ती वाचून आपल्या खानदेशातल्या घरांनी काय शिकावं, हे क्रमाने पाहू.

ही पुस्तकं आहेत तरी काय?

इंग्रजीत साधारण तेरा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी वेगळं कथावाङ्मय लिहिलं जातं. त्याला तिकडे 'यंग अॅडल्ट' म्हणतात. त्यातली एक मोठी शाखा म्हणजे कोवळ्या वयातलं प्रेम आणि गंभीर आजार यांच्या गोष्टी. त्यात सगळ्यात गाजलेलं पुस्तक अमेरिकन लेखक जॉन ग्रीन यांचं, 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. ते जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. हेझल नावाची सोळा वर्षांची मुलगी ते सांगते. तिला थायरॉइडचा कॅन्सर आहे, तो फुप्फुसांत पसरला आहे आणि प्राणवायूचं नळकांडं बरोबर घेतल्याशिवाय तिला चालता येत नाही. रुग्णांच्या एका बैठकीत तिला ऑगस्टस भेटतो. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा एक पाय कापावा लागला आहे, पण तो बरा झाला आहे असं सगळ्यांना वाटतं. दोघांची मैत्री होते, मैत्रीचं प्रेम होतं. आणि जी जाणार असं वाचकाला पहिल्या पानापासून वाटत असतं ती मागे राहते. जो बरा झाला होता तो जातो.

२०१४ साली त्यावर इंग्रजी चित्रपट निघाला. आपल्याकडच्या बहुतेक मुलींना ही गोष्ट ठाऊक झाली ती 'दिल बेचारा'मुळे. जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, तो मोबाइलवर घरोघर पाहिला गेला. गोष्ट जमशेदपूरला आणली होती. नायक सुशांतसिंह राजपूत चित्रपट येण्याच्या महिनाभर आधीच वारले होते, त्यामुळे पडद्यावरचं मरण आणि खरं मरण मुलांच्या मनात एकमेकांत मिसळून गेलं. त्यानंतर ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी मूळ पुस्तक शोधलं. एकातून दुसरं निघालं. जेनी डाउनहॅम यांचं 'बिफोर आय डाय' रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलीचं आहे. 'फाइव्ह फीट अपार्ट'मधल्या मुलाला आणि मुलीला फुप्फुसांचा असा जन्मजात आजार आहे, की एकमेकांचा संसर्ग होऊ नये म्हणून त्यांना एकमेकांपासून अंतर ठेवूनच राहावं लागतं.

हा प्रकार आजच उगवला, असं मात्र कुणी समजू नये. १९७० साली एरिक सीगल यांच्या 'लव्ह स्टोरी'ने जगभर रडवलं होतं. आपल्याकडे १९७८ साली राजश्रीचा 'अंखियों के झरोखों से' आला. सचिन आणि रंजिता, कॉलेजातली दोन मुलं, आणि रक्ताचा कॅन्सर. आज मुलीला 'रडतेस काय' म्हणून रागावणाऱ्या कितीतरी आया आणि खाला तो चित्रपट टीव्हीवर पाहून ओढणीने डोळे पुसत बसल्या होत्या. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, कॅन्सरच्या जागी क्षय होता. खोकत खोकत विझत जाणारी सुंदर नायिका फ्रेंच कादंबऱ्यांत आणि युरोपच्या रंगभूमीवर कितीदा तरी येऊन गेली. आजार बदलत गेला, रडणारं वय तेच राहिलं.

मुलांना यात काय सापडतं?

आम्ही ग्रीन यांचं पुस्तक लक्षपूर्वक वाचलं. त्यात नुसतं रडणं असतं तर ते इतकं टिकलं नसतं. लेखकाने तरुणपणी काही महिने लहान मुलांच्या रुग्णालयात धर्मसेवकाचं काम केलं होतं. मुलं जाताना आणि आईबाप मागे उरताना त्यांनी पाहिले होते. पुढे त्यांची ओळख एस्थर अर्ल या मुलीशी झाली. तिला थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑगस्ट २०१० मध्ये ती सोळाव्या वर्षी गेली. पुस्तक तिलाच अर्पण केलं आहे, जरी हेझल म्हणजे एस्थर नव्हे असं लेखकाने वारंवार सांगितलं आहे.

म्हणूनच त्यात काही गोष्टी अगदी खऱ्या उतरल्या आहेत. आजारी मुलीला कीव नको असते. आपण कुणासाठी तरी धडा व्हावं, आपल्याकडे पाहून लोकांनी 'बघा किती धीराची' म्हणावं, याचा तिला कंटाळा आलेला असतो. तिला स्वतःच्या मरणापेक्षा जास्त भीती वाटते ती आपल्यामागे आईबापांचं काय होईल याची. पुस्तकात एक प्रसंग आहे, तो आयांनी जरूर वाचावा. हेझलची आई गुपचूप समाजसेवेचं शिक्षण घेत असते. मुलीला कळलं तर तिला वाटेल की आई माझ्यानंतरच्या आयुष्याची तयारी करते आहे, म्हणून आईने ते लपवलेलं असतं. मुलीला जेव्हा ते कळतं तेव्हा तिला दुःख होत नाही, उलट तिच्या छातीवरचा दगड उतरतो. आई आपल्यामागे कोलमडणार नाही, हे कळल्याने ती सुखावते.

आमच्या मते मुलींना ही पुस्तकं आवडतात त्याचं खरं कारण इथे आहे. आपल्या घरांत आजार कुजबुजून बोलला जातो. फूफीच्या पोटात गाठ होती, ती कॅन्सरची होती हे तिच्या मय्यतीनंतर मुलांना कळतं. शेजारची मुलगी दोन महिने शाळेत आली नाही, 'नानीकडे गेली' एवढंच सांगितलं जातं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला सगळं दिसत असतं आणि कुणी काही सांगत नसतं. मग एक पुस्तक मिळतं, ज्यात तिच्याच वयाची मुलगी आजार, औषध, भीती, आईबाप आणि मरण यांविषयी सरळ बोलते. जे घरात मिळालं नाही ते तिला पुस्तकात मिळतं.

आपल्याच देशातलं खरं उदाहरणही आहे. आयशा चौधरी ही मुलगी जन्मतः रोगप्रतिकारशक्तीच्या दुर्मीळ आजाराने ग्रस्त होती. तान्ह्या वयातच तिच्यावर अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं, पुढे फुप्फुसं निकामी होत गेली. जानेवारी २०१५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ती गेली. तिचं छोटंसं पुस्तक त्याच सुमारास प्रसिद्ध झालं आणि २०१९ साली तिच्या आयुष्यावर 'द स्काय इज पिंक' हा चित्रपट आला. कादंबरीसोबत मुलींनी अशी खरी आयुष्यंही वाचावीत, असं आम्हाला वाटतं.

सावध कुठे राहावं?

आता दुसरी बाजू. ती लपवून आम्हाला चालणार नाही.

पहिली गोष्ट प्रेमाची. या पुस्तकांत मुलगा आणि मुलगी निकाहाविना जवळ येतात आणि काही प्रसंग आपल्या घरांच्या मर्यादेत बसणारे नाहीत. आईला हे माहीत असलं पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलीला आणि अठरा वर्षांच्या मुलीला एकच पुस्तक द्यायचं का, हे आईनेच ठरवावं. पण ठरवण्याआधी तिने ते स्वतः वाचलेलं असावं. मुखपृष्ठ पाहून दिलेला निकाल मुली मानत नाहीत.

दुसरी गोष्ट, आजाराचं सौंदर्य. या गोष्टींत आजारी मुलगी फिकट, सुंदर आणि हजरजबाबी असते. उलट्या, तोंडातले फोड, गळणारे केस, रात्री-अपरात्रीची चिडचिड यांची पानं थोडी असतात. ग्रीन यांनी इतरांपेक्षा जास्त लिहिलं आहे, तरी तेही कमीच. हळव्या वयात असं वाटू शकतं की खरं प्रेम मरणाजवळच सापडतं, आणि जो निरोगी आहे, वर्षानुवर्षं घर चालवतो, त्याच्या प्रेमात काही दम नाही. ब्रिटनमध्ये २०१३ च्या सुमारास या पुस्तकांवर हाच आक्षेप घेतला गेला आणि बराच वाद झाला. आम्हाला तो आक्षेप पूर्ण पटत नाही, पण पूर्ण खोटाही वाटत नाही. आपल्या दीनने मरणाची आठवण ठेवायला सांगितलं आहे आणि त्रासाला कंटाळून मरणाची इच्छा करायला मना केलं आहे. या दोहोंतला फरक मुलीला समजावून सांगायची हीच वेळ असते.

तिसरी, औषधांची. हेझल ज्या औषधामुळे जगते ते औषध जगात नाही, लेखकाने ते कल्पून घेतलं आहे. उलट कित्येक ठिकाणी खरं औषध गोष्टीच्या पुढे गेलं आहे. १९७८ च्या चित्रपटात रक्ताचा कॅन्सर म्हणजे मरणाचं फर्मान होतं. आज लहान मुलांमधला जो सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर आहे, त्यातून श्रीमंत देशांत दहापैकी आठांहून जास्त मुलं बरी होतात, आणि आपल्याकडेही वेळेवर निदान होऊन उपचार पूर्ण केले तर बरी होणारी मुलं पुष्कळ आहेत. कॅन्सर म्हटलं की संपलं, हा समज सिनेमाने आणि कादंबऱ्यांनी पक्का केला आहे. त्या समजापायी उपचार अर्धवट सोडले गेले तर तो समज जीवघेणा ठरतो.

चौथी, खर्चाची आणि कष्टांची. हेझलचे आईबाप श्रीमंत नाहीत, तरी ती एका धर्मादाय संस्थेच्या मदतीने अॅमस्टरडॅमला जाऊन येते. आपल्याकडे जळगावहून किंवा भुसावळहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला टाटा रुग्णालयात जायचं, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहायचं, एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने रक्त देणारे शोधायचे, आणि घरी मागे राहिलेल्या भावंडांना शेजाऱ्यांनी जेवू घालायचं, अशी गोष्ट असते. ती कुणी लिहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे, हेसुद्धा कित्येक घरांना रुग्णालयाच्या दारात गेल्यावर कळतं.

आणि एक बारीकशी गोष्ट. ऑगस्टस तोंडात सिगारेट धरतो, पेटवत मात्र नाही. मरणाचं साधन दातांत धरायचं आणि त्याला मारायची ताकद द्यायची नाही, असा त्यामागचा त्याचा विचार आहे. पुस्तकात ते ऐटबाज दिसतं. पण जिथे कोवळ्या मुलांच्या खिशात पुडी सापडते आणि तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण घरोघर ऐकू येतात, तिथे या ऐटीवर मुलाशी दोन शब्द बोलायलाच हवेत.

पुस्तक हिसकावून घ्यावं का?

उर्दू वाचणाऱ्या घरांना डेप्युटी नझीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' माहीत असेल. १८७०च्या दशकातली ही कादंबरी आहे. दिल्लीत कॉलऱ्याची साथ येते, घरचा कर्ता नसूह आजारी पडतो, मरणाच्या दारातून परत येतो आणि ठरवतो की घर सुधारायचं. हेतू नेक आहे. धाकटी मुलं त्याचं ऐकतात. पण थोरला मुलगा कलीम शायरीच्या नादात असलेला, अभिमानी. तो बापाच्या बोलावण्याला येत नाही. बाप त्याची पुस्तकं जाळून टाकतो. कलीम घर सोडतो, वणवण करतो आणि शेवटी जखमी होऊन परत येतो तो मरण्यासाठीच. लेखक बापाच्या बाजूचा आहे. तरीही आज ती कादंबरी वाचताना आम्हाला राहून राहून वाटतं, की पुस्तकं जाळण्याआधी बाप त्या खोलीत एकदा जाऊन बसला असता, यातलं तुला काय आवडतं ते मला वाचून दाखव म्हणाला असता, तर? आजाराने बापाचे डोळे उघडले, पण मुलाशी बोलण्याची वाट काही उघडली नाही.

आपल्या मुलीच्या हातातलं पुस्तक आपण हिसकावून घेऊ शकतो, मोबाइलही काढून घेऊ शकतो. त्यानंतर ती वाचायची थांबेल असं नाही, आपल्याला सांगायची मात्र थांबेल. पुढे कधी तिची स्वतःची छाती दुखली, अंगावर गाठ लागली, पाळीत काही बिघडलं, तर ते सांगायलाही ती येणार नाही. आम्हाला भीती आहे ती याची.

खानदेशच्या मातीतल्या गोष्टी

आपल्याकडच्या लेखकांनी हा विषय कसा हाताळला हेही मुलांना दाखवावं. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली, स्वतः पंचविशीत असताना, 'कोसला' लिहिली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंगची ती गोष्ट. तिच्यात त्याची लहान बहीण मनी देवीच्या आजाराने मरते. तिथे सुंदर मरण नाही, धीराची वाक्यं नाहीत. एक लहान पोर जाते आणि तरुण भाऊ मुळापासून हादरतो. नातं बहीण-भावाचं आहे, पण कोवळ्या वयात जवळचं माणूस गेल्यावर काय होतं, ते मराठीत याहून खरं क्वचितच लिहिलं गेलं असेल. मुलांना हेही सांगावं, की ज्या देवीने मनीला नेलं ती आज जगात उरलेली नाही. भारतात तिचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. ते काही आपोआप घडलं नाही. गावोगाव फिरून लस टोचणाऱ्या माणसांनी ते घडवलं.

दुसरं नाव साने गुरुजींचं. अमळनेरच्या शाळेत ते १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि वसतिगृहाचं कामही पाहत. आजारी पडलेल्या मुलांच्या उशाशी बसून त्यांनी केलेल्या सेवेच्या आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे सांगितल्या. गोष्टीतल्या नायकासाठी अश्रू गाळणं सोपं आहे, शेजारच्या बाकावरच्या आजारी मुलाचं अंथरूण आवरणं अवघड. दोन्हींत नातं जोडता आलं तर वाचनाचं सार्थक झालं म्हणायचं.

आपल्या मोहल्ल्यातली हेझल

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला तिथे येऊ. आपल्या दोन जिल्ह्यांत हेझलच्या वयाच्या आजारी मुली आहेत. त्यांचे आजार कादंबरीत येत नाहीत, इतकंच.

पहिला आजार टीबीचा. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. जिथे घर लहान, माणसं जास्त आणि खिडकी एकच असते तिथे तो सहज पसरतो. धुळ्यातल्या यंत्रमागांच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घटतं वजन ही लक्षणं दिसली तर सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, औषधं मोफत मिळतात, आणि पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे. योग्य औषध लागू पडलं की काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका फार कमी होतो. म्हणजे टीबी झालेली मुलगी बरी होते, शिकते, तिचं लग्न होतं, मुलं होतात. ज्या जॉन ग्रीन यांनी हेझलची गोष्ट लिहिली, त्यांनीच २०२५ साली टीबीवर पुस्तक लिहिलं. त्यात आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या हेन्री नावाच्या तरुण रुग्णाची खरी हकीकत आहे. औषध जगात असूनही ज्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही तेच मरतात, हा त्या पुस्तकाचा सांगावा. ज्या मुलींना 'फॉल्ट इन अवर स्टार्स' आवडलं त्यांच्या हाती हे पुस्तक आवर्जून द्यावं.

दुसरा आजार सिकलसेलचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतल्या भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत तो आढळतो. यावल, रावेर, चोपडा भागातल्या आपल्या तडवी भावंडांनीही तपासणी करून घेणं शहाणपणाचं. यात रक्ताच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, पाणी कमी पिणं, जास्त दमणूक यांनी दुखणं उफाळतं. मुलगी शाळेत वारंवार गैरहजर राहते आणि तिला आळशी ठरवलं जातं. तिसरा थॅलेसेमिया. त्यात शरीराला पुरेसं रक्त बनवता येत नाही आणि मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आईबापांकडून येतात. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात दोष घेऊन असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकाच खानदानात, चुलत-मावस नात्यांत रिश्ते होत राहिले की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. रक्ताच्या एका साध्या तपासणीने हे लग्नाआधीच कळतं. सिकलसेलसाठी सरकारने १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही आजार धरले आहेत. अशा मुलांच्या आईबापांनी दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

हे सगळं माहीत असूनही घरं गप्प का राहतात? रिश्त्यासाठी. मुलीला टीबी झाला होता हे कळलं तर कोण करील? लहानीला सिकलसेल आहे हे कळलं तर मोठीचं ठरलेलं मोडेल. म्हणून औषधाच्या पट्ट्या पिठाच्या डब्यामागे ठेवल्या जातात, दुसऱ्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे जायचं, आणि लग्न ठरलं की गोळ्या बंद करायच्या, कारण सासरी कुणी विचारलं तर? अर्धवट सोडलेला टीबी उलटतो आणि मग साधी औषधं लागू पडत नाहीत. ज्या मुलीची इज्जत राखायची म्हणून हे केलं जातं, तिचाच जीव त्यात पणाला लागतो.

सौद्यातला दोष लपवू नये, हे आपल्या दीनने व्यापाऱ्याला बजावलं आहे. निकाह तर दोन आयुष्यांचा करार. पण सत्य सांगणारा बाप आणि ते ऐकून पाठ फिरवणारा सासरा यांत जास्त जबाबदारी दुसऱ्यावर आहे, असं आम्हाला वाटतं. बऱ्या झालेल्या आजाराचं निमित्त करून ज्या घरात रिश्ता मोडला जातो, ते घर दुसऱ्या दहा घरांना खोटं बोलायला शिकवतं. मुलाच्या आईने एकदा पुढे होऊन म्हणून पाहावं, "आमच्या मुलाचीही तपासणी करतो, तुमच्या मुलीचीही करू, जे असेल ते मिळून पाहू." एवढ्या वाक्याने कितीतरी पिठाचे डबे मोकळे होतील.

घरात काय करता येईल?

मुलीने वाचलेलं पुस्तक आपणही वाचावं. इंग्रजी येत नसेल तर तिलाच गोष्ट सांगायला लावावी, स्वयंपाक करता करता ऐकावी. 'तू तिच्या जागी असतीस तर आम्ही कसं वागावं असं तुला वाटलं असतं?' हा प्रश्न विचारावा. उत्तर येईल ते कान देऊन ऐकावं, लगेच उपदेश करू नये.

प्रेमाविषयी तिने काही विचारलं तर झिडकारू नये. एकाच्या आजारपणात दुसऱ्याने बाजूला बसून राहणं हे प्रेम आहे हे तिला पटलं असेल, तर ते अर्धं शिक्षण झालंच. उरलेलं अर्धं तिला आपल्या घरात दिसू द्यावं. दादीजानचे पाय दाबणारे दादाजान, अम्मीला ताप आला की स्वयंपाकघरात शिरणारे अब्बू, हेही प्रेमच आहे आणि ते चाळीस वर्षं टिकतं, हे कादंबरीने सांगितलेलं नाही. ते आपण दाखवावं.

वाचून डोळे पुसून झाल्यावर पुढचं पाऊल उचलायला लावावं. आजाऱ्याची इयादत हा आपल्यावर एकमेकांचा हक्क सांगितला आहे. वर्गातली जी मुलगी आजारी म्हणून घरी बसली आहे तिच्याकडे आठवड्यातून एकदा जावं, झालेल्या धड्यांच्या वह्या द्याव्यात, आजाराविषयी उगाच चौकशा न करता शाळेतल्या चार गमती सांगाव्यात. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि तब्येतीने चांगल्या मुलामुलींनी रक्तदान करावं. थॅलेसेमियाच्या मुलाला दर महिन्याला कुणाचं तरी रक्त हवंच असतं.

आणि ज्या घरात खरोखरच एखादी मुलगी आजारी आहे, त्या आईला आमचं एवढंच सांगणं. तिच्यापासून आजार लपवू नका, तिच्यासमोर रडणंही सगळंच लपवू नका. तिला तिच्या आजाराचं नाव माहीत असू द्या, औषध कशासाठी आहे ते माहीत असू द्या, डॉक्टरांशी बोलताना तिला बाहेर पाठवू नका. तिच्यासाठी दुआ करा आणि औषधाची वेळही चुकवू नका, कारण शिफा देणाऱ्यानेच औषधही निर्माण केलं आहे. तिला पुस्तकं वाचायला द्या, आजाराची आणि आजाराखेरीज इतरही पुष्कळ. आणि तिच्या मैत्रिणी दाराशी आल्या की 'ती झोपली आहे' असं न सांगता त्यांना आत घ्या.